सोन्यागत तोलू नका: ठासणीच्या नव्या रायफलीतली पर्यायी दारू

माझा मेव्हणा कोल्हापुरात गुजरीत सराफ आहे. मागं एकदा त्याच्या गादीवर बसून मी विचारलं, एका तोळ्यात ग्रेन किती? त्यानं कॅल्क्युलेटर उघडायच्या आत आमचे सासरे आतल्या खोलीतून ओरडले, "एकशेऐंशी!" ब्रिटिशांच्या काळातला चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, म्हणजे एक गुंज जवळपास दोन ग्रेनांची. शंभर ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅमला जरा कमी, अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त. हा हिशेब मला तोंडपाठ होता, आणि त्यानंच मला तोंडघशी पाडलं.

माझा भाचा अमेरिकेत कोलोरॅडोत असतो. तिकडं तीन महिने राहायला गेलो तेव्हा त्यानं नुकतीच .५० कॅलिबरची नवी रायफल घेतली होती. दिसायला अगदी आजकालची, पण भरायची पुढून, नळीच्या तोंडातून. ठासणीचीच. चालवायची दारू ब्लॅकहॉर्न २०९, म्हणजे बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूऐवजी वापरायची एक पर्यायी दारू. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, "१०० ग्रेन." मी म्हटलं, आण तुझा काटा. मामांनी आयुष्यभर लेथवर काम केलंय, मापात चूक व्हायची नाही. डिजिटल काट्यावर बरोबर शंभर ग्रेन तोलली आणि शेजारी पडलेल्या पितळी मापात सहज ओतून बघितली. माप १२० पर्यंतचं होतं. ते शिगोशीग भरलं, तरी वाटीत दारू शिल्लक.

तिथं हात थांबला म्हणून बरं. ठासणीच्या बंदुकीतला "ग्रेन" हा वजनाचा नसतो, आकारमानाचा असतो. शंभर ग्रेन काळी दारू जेवढी जागा व्यापते तेवढ्या जागेत मावेल तेवढी पर्यायी दारू, म्हणजे "शंभर ग्रेन". ब्लॅकहॉर्न त्या मापानं भरली तर प्रत्यक्षात सत्तर ग्रेनांच्या आसपास वजन येतं. मी तोललेली शंभर ग्रेन मापानं एकशेचाळीसच्या पुढं जात होती, आणि त्या दारूची कमाल मर्यादाच १२० आहे. "मामा, हे सोनं न्हाई वो," एवढंच भाचा बोलला. बाकीचं आम्ही दोघं न बोलता समजलो.

म्हणून सगळ्यात आधी हे: पितळी माप घ्या, त्याच्या सरकत्या दांडीवर आकडा लावा, दारू वरून ओता, मापाला बोटानं दोन टिचक्या मारा, वरची शीग सपाट करा. दर वेळी टिचक्या तेवढ्याच. धान्याच्या मापासारखंच आहे, हलवून भरलं तर जास्त मावतं. काही नेमबाज अचूकतेसाठी वजनानंच भरतात, पण ते दारू बनवणाऱ्यानं दिलेला वजनाचा तक्ता समोर ठेवून. एका दारूचा तक्ता दुसरीला लावायचा नाही.

आता मी हे लिहितोय कुणासाठी, तर भाच्याच्या ओळखीतली तीन-चार मराठी पोरं आहेत, एक सांगलीचा, एक नाशिकचा, त्यांनी तिकडं असल्या रायफली घेतल्यात. त्यांचं म्हणणं, मामांनी मराठीत लिहून द्यावं. मी काही नेमबाज नव्हे. नेमबाज म्हणजे आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलीत ब्राँझ घेऊन आला तो. किंवा आमची तेजस्विनी सावंत, २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झालेली. मी उद्यमनगरातला निवृत्त टर्नर. पण आज्ज्याची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं उसात शिरली की आज्जा बार भरायचा. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, हे काम माझ्याकडं. त्यामुळं गज (नळीत दारू-गोळी ठासायची सळई), केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी), ठासणं, ह्या गोष्टी हाताला नव्या नाहीत.

दोन्हींत फरक काय? आज्ज्याच्या बंदुकीत केप बाजूला, निप्पल म्हणतात त्या पोकळ बोंडावर. ठिणगी वळसा घालून आत जायची. भाच्याच्या रायफलीत २०९ नंबरचा शॉटगनचा प्रायमर, केपसारखीच पण जास्त जाळाची टोपी, नळीच्या सरळ रेषेत मागं बसतो आणि जाळ थेट दारूवर पडतो. म्हणून तिला इनलाइन म्हणतात. मिसुरीच्या टोनी नाइटनं १९८५ ला एमके-८५ काढली, तिथून हा प्रकार खरा पसरला. नळीला आतून पीळ असतो, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, आणि मागचं बूच, ज्याला ब्रीच प्लग म्हणतात, ते आट्यांवर फिरवून काढता येतं. नळीच्या आरपार बघता येणं ही मोठी सोय. आमच्या आज्ज्याला गजाच्या टोकाला चिंधी बांधून अंदाजानंच सफाई करायला लागायची.

आणि काळी दारू सोडून हे पर्याय कशाला? काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधकाची, फार लवकर पेट घेते. कायद्यानं ती स्फोटकांत धरली जाते, दुकानदाराला साठवायला कटकट, म्हणून बऱ्याच दुकानांत मिळत नाही. डॅन पॉलॅक नावाच्या माणसानं १९७० च्या दशकात पायरोडेक्स तयार केली, ती पेटायला जड होती म्हणून विकायला सोपी. तोच पॉलॅक १९७७ च्या जानेवारीत कारखान्यातल्या आगीत आपल्या काही कामगारांसकट गेला. पुढं हॉजडन कंपनीनं ती दारू चालू ठेवली. "सुरक्षित पर्याय" असं कुणी म्हणालं की मला हा माणूस आठवतो. पेटायला जड म्हणजे न पेटणारी नव्हे.

तीन दारू मी जवळून बघितल्या. तिघींचा स्वभाव वेगळा.

पायरोडेक्स ही काळ्या दारूची सख्खी बहीण. मापाला माप वापरायची, फक्त वजनाला हलकी. रायफलीसाठी आरएस लिहिलेली घ्यायची, पी लिहिलेली बारीक, पिस्तुलाची. गोळी बसवताना गजानं चांगला दाब द्यायचा, सैल राहिली तर बार एकसारखे येत नाहीत. वाईट खोड एकच. तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं, ते जळून क्लोराइडचं मीठ उरतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पोलादाला गंज धरतो. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडं जुलैत उघडा ठेवलेला जॉब सकाळपर्यंत तांबूस होतो, तसंच.

ट्रिपल सेव्हन ही गंधक नसलेली. धूर येतो, पण सडक्या अंड्याचा वास नाही, आणि साफ करायला साधं पाणी पुरतं. मात्र ती जोरकस आहे. काळ्या दारूच्या बारात बसलेला नेम तिच्यात हवा असेल तर माप साधारण १५ टक्के कमी धरायचं: शंभरच्या जागी पंच्याऐंशी. तिला दाबून चेंगरायचं नाही, गोळी दारूवर नीट टेकली की पुरे. तिची खोड म्हणजे दारू जिथं संपते आणि गोळी जिथं टेकते त्या जागी नळीत काजळीचं कडक कडं धरतं. दुसरी गोळी तिथं येऊन अडते, आणि माणसाला वाटतं, बसली. ही चूक किती महागात पडते ते पुढं सांगतो. उपाय साधा: प्रत्येक बारानंतर ओलसर चिंधी एकदा आत-बाहेर, मग कोरडी. ओलसर म्हणजे थुंकी लावल्याएवढी, पाणी गळेल एवढी नव्हे. थोडा मवाळ २०९ प्रायमर वापरला तर कडं कमी धरतं, असाही अनुभव आला.

ब्लॅकहॉर्न २०९ माँटानातल्या वेस्टर्न पावडर्सनं २००८ ला आणली, आता तीही हॉजडनकडं आहे. ती नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली, त्यामुळं घाण कमी, ओल कमी धरते, लागोपाठ बरेच बार मधे न पुसता काढता येतात. भाच्याची आवडती. पण ती पेटायला सगळ्यांत हट्टी. साध्या केपवर ती चालत नाही, चकमकीच्या बंदुकीत तर नावच काढू नका. तिला शॉटगनचा पूर्ण तापट २०९ प्रायमर लागतो, आणि प्लगही तिला मानवेल असा. ठासणीसाठी म्हणून मुद्दाम मवाळ केलेले जे प्रायमर मिळतात, ते ट्रिपल सेव्हनला ठीक, इथं फुसके जातात.

ब्लॅकहॉर्नमध्ये नायट्रोसेल्युलोज आहे हे ऐकून सांगलीच्या पोरानं भाच्याला विचारलं होतं, मग काडतुसात भरायची स्मोकलेस पावडर घातली तर? नाही. त्यासाठी मुद्दाम बांधलेल्या मोजक्या रायफली सोडल्या तर कधीच नाही, चिमूटभरसुद्धा नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब ही नळी आणि हा प्लग झेलू शकत नाही. तुटलेला प्लग मागं, तुमच्या तोंडाकडं येतो.

औषधाच्या गोळीसारख्या दाबलेल्या दारूच्या वड्याही मिळतात, पेलेट. मोजायची कटकट नाही, पन्नास-पन्नास ग्रेनांच्या दोन टाकल्या की शंभर. पायरोडेक्सच्या वडीला एका टोकाला गडद रंगाचा पेटता थर असतो, तो प्रायमरच्या बाजूला गेला पाहिजे. उलटी पडली की बार रेंगाळतो. मला वड्या आवडत नाहीत. पाच ग्रेन कमी-जास्त करून बघायची सोय जाते, आणि तीन वड्या टाकून दीडशे ग्रेनांचा बार काढणाऱ्यांचं मला काही कळतच नाही. खांदा दुखतो, नेम बिघडतो, हाती काय? शिवाय कोलोरॅडोत ठासणीच्या शिकारीच्या हंगामात वड्या चालत नाहीत, गोळीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण, ज्याला सॅबो म्हणतात, तेही नाही, आणि दुर्बीणही नाही. दुसऱ्या राज्यात नियम दुसरे. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरच्या हंगामाला चकमकीचीच बंदूक लागते. दारूचा डबा विकत घेण्याआधी आपल्या राज्याचं नियमपुस्तक वाचा, नंतर नव्हे.

आता भरायचं कसं. भाच्याला मी हे पाठ करायला लावलं, शाळेतल्या पाढ्यासारखं.

आधी रायफल रिकामी आहे याची खात्री. गज आत सोडायचा आणि तोंडाशी बोट धरून बाहेर काढून नळीशेजारी लावून बघायचा: तो पार प्लगपर्यंत गेला पाहिजे. मग नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसायचं, तेल दारू भिजवतं. सुरक्षित दिशेला तोंड धरून एक-दोन प्रायमर नुसते उडवायचे, म्हणजे ठिणगीची वाट मोकळी होते. त्यानंतर प्रायमर काढून बाजूला ठेवायचा. तो परत लागेपर्यंत खिशात.

दारू डब्यातून मापात, मापातून नळीत. डब्यातून किंवा कुप्पीतून थेट नळीत कधीच नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातात माप असेल तर भाजेल, हातात डबा असेल तर हात राहायचा नाही. त्याच कारणानं नळीत तोंडानं फुंकर मारायची नाही. आज्जा मारायचा. आज्ज्याच्या काळातल्या सगळ्याच गोष्टी जपायच्या नसतात. डब्याचं झाकण प्रत्येक वेळी लावायचं, आणि भरताना आपलं तोंड नळीच्या तोंडावर आणायचं नाही.

गोळी नळीच्या तोंडाशी धरून छोट्या स्टार्टरनं, म्हणजे आखूड दांडीनं, आत ढकलायची, मग गजानं एका दमात खाली. गज पोटानं रेटायचा नाही, हातानंच, आणि थोडा थोडा पकडून: एकदम लांब पकडला आणि मोडला तर टोक तळहातात शिरतं. गोळी दारूवर टेकली पाहिजे, मधे हवा राहता कामा नये. ट्रिपल सेव्हनच्या कड्यावर अडकलेली गोळी म्हणजे नळीत ठोकलेली खुंटीच. मागून वायू येतो, गोळीवर आपटतो, आणि त्या जागी नळी फुगते. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर चार सुताच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, भोकात मधेच एक रिंग पडते, जी बाहेरूनही बोटाला लागते. अशी नळी मी एका रेंजवर बघितली. मालक ती भिंतीला टांगायला घेऊन गेला.

म्हणून गजावर खूण. पहिला बार नीट मोजून-मापून भरला की गज आत असतानाच नळीच्या तोंडाशी त्यावर रंगाची किंवा टेपची रेघ मारा. पुढच्या प्रत्येक वेळी ती रेघ तोंडाशी आली पाहिजे. वर राहिली तर गोळी अडली किंवा दारू दुप्पट पडली. खाली गेली तर दारू कमी, किंवा पडलीच नाही. दारू किंवा माप बदललं की खूण नवी.

शेवटी, अगदी शेवटी, लक्ष्याकडं तोंड झाल्यावर प्रायमर. चाप ओढला आणि काहीच झालं नाही, तर रायफल तशीच लक्ष्याकडं धरून उभं राहायचं, किमान दोन मिनिटं. रेंगाळलेला बार दहा सेकंदांनीही उडू शकतो. ही दोन मिनिटं फार मोठी वाटतात, मनात "श्री अंबाबाई प्रसन्न" म्हणत काढायची.

किती ग्रेन? रायफलीच्या पुस्तकात जे कमीत कमी दिलंय तिथून सुरुवात, पाच-पाच ग्रेन वाढवत, तीन-तीन गोळ्या मारून कागदावरची भोकं बघायची. भाच्याची रायफल ब्लॅकहॉर्नच्या ९० ला सगळ्यात जवळ जवळ मारते. शंभरला भोकं पसरायला लागली. आम्ही तिथंच थांबलो.

सफाईवर भांडण झालं. भाचा म्हणाला, ब्लॅकहॉर्न गंजवत नाही, उद्या करू. मी म्हटलं, आधी पायरोडेक्सचे चार बार कुणी काढले? एका दिवसात दोन दारू चालवल्या तर सफाई जी जास्त खोडील तिच्या हिशेबानं. पायरोडेक्सला त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि थोडा साबण: प्लग काढा, नळीचं मागचं टोक बादलीत बुडवा आणि चिंधीनं वर-खाली करा, पंपासारखं. पाणी स्वच्छ येईपर्यंत. गरम पाण्यानं नळी तापते आणि आपोआप लवकर वाळते. मग कोरड्या चिंध्या, मग तेल. ट्रिपल सेव्हनला पाणीच पुरतं. ब्लॅकहॉर्नला पाण्याचा काही उपयोग नाही, तिला काडतुसाच्या रायफलीला लागतं तेच सॉल्व्हंट लागतं. दुसऱ्या दिवशी नळीत परत एकदा पांढरी चिंधी फिरवून बघायची. तांबूस आली तर पुन्हा पहिल्यापासून.

ब्लॅकहॉर्नची काजळी नळीपेक्षा प्लगच्या ठिणगीच्या वाटेत जास्त बसते, दगडासारखी. ती सॉल्व्हंटला दाद देत नाही. तिथं एका सुताचं, म्हणजे पाव इंचाच्या निम्म्याचं, ड्रिल बिट घ्या, मशीनला नाही, नुसतं बोटांत धरून फिरवा. काळा भुगा पडतो. पुढचं बारीक छिद्र ड्रिलनं वाढता कामा नये, म्हणून चिमटीत जोर लागला की थांबायचं. त्यात माझा हात सराईत, भाच्याचे तिन्ही प्लग मीच साफ केले. प्लग परत बसवताना आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावायचं आणि हातानं आवळून पान्यानं नुसतं टेकवायचं. लेथवाल्या माणसालाही चिकटलेला प्लग काढताना घाम फुटतो.

आता आपल्या इथलं. दिवाळीला येताना भाचा म्हणाला, मामा, एक डबा आणू का, आज्ज्याच्या बंदुकीला? काळी दारू असो नाहीतर पर्यायी, विमानात ती हातातल्या पिशवीत चालत नाही आणि सामानातही नाही. प्रायमर आणि केपही नाहीत. इथं ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, दारूवर स्फोटकांचे नियम वेगळे, आणि शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याची बंदी. ह्यातलं काही नसतं तरी मी आज्ज्याच्या नळीत ट्रिपल सेव्हन घालू दिली नसती. ती नळी कुणी, कशी, कुठल्या लोखंडातून ठोकली ते कुणालाच माहीत नाही. जुन्या बंदुकीची जागा खंडेनवमीच्या पाटावर. आमची तर तिथंही नाही, आज्जा गेल्यावर परवान्यासकट ती जमा केली.

परवा पहाटे साडेपाचला फोन वाजला. तिकडं संध्याकाळ. भाचा रेंजवर, आवाज बारीक.

"मामा, गज खुणेच्या दोन बोटं खाली जातोय वो."

"प्रायमर लावलायस?"

"न्हाई."

"मग गडबड न्हाई. दारू घातलीस का?"

थोडा वेळ काहीच नाही. मग हसण्याचा आवाज. बोलता बोलता गोळीच बसवली होती, दारू मापात तशीच बाकावर. मी सांगितलं, घातलीच नाही असं आपल्याला वाटतंय, पण थोडी पडली असेल असंच धर. तोंड लक्ष्याकडंच ठेवून प्लग फिरवून काढ, आत जे काही सांडलं असेल ते मागून बाहेर येऊ दे, आणि मग पुढून गजानं गोळी मागं ढकल. आज्ज्याच्या बंदुकीत ही चूक झाली असती तर गजाच्या टोकाला पेचाचा स्क्रू लावून शिसं उपसत बसावं लागलं असतं. त्याचं पाच मिनिटांत झालं. गोळी हातात घेऊन त्यानं फोटो पाठवला, तिच्यावर पिळाच्या रेघा अगदी स्वच्छ उठल्या होत्या.